जाळीची हजामत

दुकानात खुर्च्या दोनच. आतल्या खुर्चीमागे मालक उभे राहत, बाहेरच्या खुर्चीमागे त्यांचा मेव्हणा. मेव्हण्याची कात्री आणि जीभ एकाच वेगाने चाले. कधीकधी जीभ पुढे निघून जाई, मग कात्री हवेतच थांबून तिची वाट पाही. मालकांचं तसं नव्हतं. "मान जरा खाली", "पाणी फार गार नाही ना" आणि "झालं" या तीन वाक्यांवर त्यांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं होतं. गिऱ्हाइकं त्यांना अबोलराव म्हणत. तोंडावरच म्हणत, कारण उलट उत्तर येणार नाही याची खात्री होती.

हा काही त्यांचा तोरा नव्हता. त्यांना बोलायचं असे. पण योग्य वाक्य सुचेपर्यंत गिऱ्हाईक मान झटकून, आरशात बघून, कोपऱ्यापर्यंत पोचलेलं असे. हजामत करणारा माणूस आणि गप्पा येत नाहीत, ही गोष्ट त्यांना आतून खात असे. बाकावर बसलेली माणसं भिंतीकडे बघत बसत, जांभया देत, आणि त्या जांभया आपल्यामुळेच आहेत असं अबोलरावांना वाटे.

अकरा वर्षांपूर्वी दाढ काढायला ते दाताच्या डॉक्टरकडे गेले, तिथे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी पाहिली आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दाढ दुखत असताना, ओळखदेख नसताना, तिथली माणसं एकमेकांशी बोलत होती. "तो बघा, दगडाखाली गेला." "हा कालपण तिथेच होता." महिनाभरात अबोलरावांच्या बाकासमोर साडेतीन फुटी टाकी आली. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे, एक पिवळा धमक मासा, छत्र्यांसारखी मऊ प्रवाळं, आणि शंखात राहणारा एक खेकडा. हा खेकडा मोठा झाला की जुना शंख सोडून नव्यात राहायला जाई, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याला भाडेकरू नाव ठेवलं. शिवाय लांब पांढऱ्या मिशांची एक कोळंबी होती. ती एका दगडावर उभी राही आणि मासे आपणहून तिच्यापुढे येऊन अंग स्वच्छ करून घेत.

"आपल्याच धंद्यातली आहे," मेव्हणा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगे. "फक्त टॉवेल वापरत नाही."

टाकी आली आणि दुकान बोलू लागलं. पाठमोरे उभे राहून अबोलराव सगळं ऐकत. भाडेकरूवरून घरमालकांवर, घरमालकांवरून सासवांवर, सासवांवरून गुडघेदुखीवर गाडी जाई. अबोलरावांना एक शब्द बोलावा लागत नसे, आणि तरी आपण बैठकीत आहोत असं वाटे.

पण खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे हौस कमी आणि कष्ट जास्त. माशांना घातलेल्या खाण्यातलं उरतं ते, आणि खाल्लेल्यातलं माशांतून बाहेर पडतं ते, सगळं पाण्यात मुरतं. त्याचं खत होतं. डोळ्यांना पाणी काचेसारखं दिसतं, पण शेवाळाला मेजवानीचा वास लागलेला असतो. उपाय एकच: दर आठवड्याला थोडं जुनं पाणी काढायचं आणि नवं खारं पाणी घालायचं. ते पाणी अबोलराव वरच्या मजल्यावर, घरातल्या पिंपात मीठ विरघळवून तयार करत आणि वीस लिटरच्या कॅनमधून खाली आणत. जिना अठरा पायऱ्यांचा.

एका मंगळवारी नवव्या पायरीवर त्यांची कंबर धरली. वर जाता येईना, खाली येता येईना, आणि कॅन खाली ठेवायला वाकता येईना. हाक मारायचीही सवय नाही. चेहऱ्याला फेस लावलेलं गिऱ्हाईक पाच मिनिटं वाट पाहून शोधायला निघालं तेव्हा अबोलराव पुतळ्यासारखे उभे सापडले.

"अहो, एक हाक मारायची," गिऱ्हाईक फेसातून म्हणालं.

"तुम्ही बसला होतात," अबोलराव म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलणं बंद. मेव्हण्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, त्यालाही बंदी. मग बायकोने पाच आठवडे कॅन वाहिले, आणि सहाव्या आठवड्यात तिचं मनगट सुजलं. त्यानंतर पाणी बदललंच गेलं नाही. काचेवर हिरवी साय धरली. दगडांवर केसाळ शेवाळ लोंबू लागलं, प्रवाळांच्या छत्र्या मिटल्या. बाकावर बसलेली माणसं आता टाकीकडे बघून "काय हो हे" एवढंच म्हणत आणि मोबाईल काढत.

बायको एका दुपारी खाली आली. मनगटाला पट्टा होता.

"अहो, मी टाकीवाल्याशी बोलले," ती म्हणाली. "त्याच्याकडे घेणारं माणूस आहे. त्यांची जागा तयार व्हायला दोन महिने आहेत. पुढच्याच्या पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी तो पिंपं घेऊन येईल."

अबोलराव वस्तऱ्याचं पातं बदलत होते. ते बदलतच राहिले.

"ताई, अगं दाजींना विचारलंस तरी का?" मेव्हण्याने तोंड घातलं.

"विचारलं असतं तर उत्तर कधी आलं असतं? पैशांनी दिवाळखोर नाही झालोय आपण, पण हाडांनी झालोय. मला मासे नकोत असं नाही. मला ह्यांची कंबर हवी."

तिचं बरोबर होतं.

त्याच आठवड्यात बेसिनचा नळ गळतो म्हणून नळवाला आला. नळ दुरुस्त करून तो टाकीपुढे उकिडवा बसला.

"मालक, शेवाळ घासून हटत नसतं," तो म्हणाला. "त्याला दुसरीकडे जागा द्यायची."

"म्हणजे शेवाळ पाळायचं?" मेव्हण्याने विचारलं.

"पाळायचंच. एका मोठ्या हॉटेलात मी पाइपाचं काम केलंय, तिथे बघितलं. खरखरीत जाळी उभी टांगायची. तिच्यावरून दिवसभर पाण्याचा पातळ पडदा सोडायचा आणि समोर झगझगीत दिवा. शेवाळाला हेच पाहिजे असतं. वाहतं पाणी, उजेड आणि धरायला खरखर. ते तिथे माजतं आणि पाण्यातलं खत खाऊन टाकतं. टाकीतल्या शेवाळाला उपास. आठवड्यातून एकदा जाळीवरचं काढून फेकायचं, म्हणजे खत त्याच्याबरोबर घराबाहेर. कॅनने पाणी वाहायला नको."

अबोलरावांच्या हातातला टॉवेल घडी होता होता थांबला. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. एका परक्या माणसाला आपणहून प्रश्न विचारलेला पाहून मेव्हण्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा कान जवळजवळ कापला.

"बसायला तीन आठवडे. मग बघा."

जाळी बायकोनेच दिली. लोकरीने भरतकाम करायची प्लास्टिकची जाळी, तिच्याकडे तशा दोन होत्या. एकीवर पिशवीची नक्षी अर्धी भरून झालेली, दुसरी कोरी. "मुदत त्या पहिल्या रविवारपर्यंतचीच आहे, लक्षात ठेवा," कोरी जाळी देताना ती म्हणाली. नळवाल्याने करवतीच्या पात्याने जाळी दोन्ही बाजूंनी इतकी ओरखडली की ती मांजरीच्या जिभेसारखी झाली. पाइपाला लांब चीर पाडली, चिरेत जाळीची कड बसवली, टाकीमागे एका पेटीत ते सगळं टांगलं आणि समोर लालसर दिवा लावला. पाणी चिरेतून निघून जाळीच्या दोन्ही बाजूंनी सरसर उतरू लागलं.

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. दुसऱ्यात चहा सांडल्यासारखा तपकिरी बुळबुळीत थर आला. "हे असंच दिसायचं होतं का?" बायकोने विचारलं. अबोलरावांनाही माहीत नव्हतं. चौथ्या आठवड्याच्या शेवटी मात्र जाळीवर हिरवं गार लुसलुशीत पीक उभं होतं. बोटभर उंच. पाण्याच्या परीक्षेच्या नळीत थेंब टाकले की खत जास्त असल्यास पाणी लालबुंद होई, कमी असल्यास फिकट गुलाबी. त्या दिवशी लालाचं थोडं गुलाबी झालं होतं.

आता पीक काढायचं. नळवाला "काढून फेका" एवढंच म्हणाला होता. किती काढायचं ते त्याने सांगितलं नाही, कारण आपण कोणाशी बोलतोय याचा त्याने विचार केला नव्हता.

सोमवारी दुकान बंद असे. अबोलरावांनी जाळी संगमरवरी फळीवर ताणून बसवली, वस्तऱ्याला नवं पातं लावलं आणि दाढी केली. आधी सरळ, मग उलट्या हाताने. मग बोटांच्या टोकांनी चाचपून, राहिलेला एकेक खुंट टिपून काढला. घट्ट उलटी दाढी केली की पुढची दाट येते, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं आणि त्यांनी मेव्हण्याला. जाळी गालासारखी गुळगुळीत झाली तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

पुढच्या सोमवारी शेवाळ आलं, पण विरळ. अबोलराव समजले की गेल्या वेळी हात हलका पडला. या वेळी त्यांनी वस्तरा तीनदा फिरवला. त्याच्या पुढच्या सोमवारी जाळीवर चार ठिकाणी चार तुरे होते, आणि टाकीची काच पुन्हा हिरवी पडू लागली होती. परीक्षेच्या नळीत पाणी लालबुंद.

"दाजी, माझ्या टाळूचं असंच झालं होतं," मेव्हणा म्हणाला. "आधी पातळ, मग तुरे, मग आठवणी."

अबोलरावांनी ते चार तुरेही उतरवले.

मुदतीच्या आदल्या शुक्रवारी बायको खाली आली. टाकी जाणारच, तर आपली जाळी तरी धुऊन घ्यावी, असा तिचा विचार होता. तिने जाळी पेटीतून उचलली, अंगठा फिरवला, आणि परत फिरवला.

"ही माझी जाळी नाही."

"तुमचीच आहे," अबोलराव म्हणाले. संकटात असले की ते बायकोला अहो-जाहो करत.

"नळवाल्याने खरबरीत केलेली मी बघितली होती. माझा पदर अडकला होता तिच्यात. ही तर साबणाची वडी झालीय." ती त्यांच्या खिशातल्या वस्तऱ्याकडे बघू लागली. "अहो. तुम्ही हिची दाढी केलीत?"

अबोलरावांनी मान हलवली.

"उलटी?"

पुन्हा मान हलली.

"दाजी तसे कामात चोख आहेत," मेव्हणा खुर्चीच्या आडून म्हणाला.

"शेवाळाला काय दाढीसारखी गालात मुळं असतात? ते नुसतं धरून बसतं. धरायचं तेच तुम्ही तासून टाकलंत, आणि बी म्हणून चिमूटभरसुद्धा मागे ठेवलं नाहीत." तिने जाळी उजेडात धरली. ओठ आवळून ती गंभीर राहायचा प्रयत्न करत होती, पण खांदे हलत होते. मग तिला हसू आवरेना, आणि हसता हसता ती जिना चढून गेली. अबोलरावांना हसू आलं नाही. चाळीस वर्षांत कोणी त्यांच्या वस्तऱ्याला नाव ठेवलं नव्हतं. आणि आता ठेवलं, तर ते खरंच होतं.

शनिवारी त्यांनी बायकोला सांगायचं ठरवलं. तीनदा जिन्यापर्यंत गेले. वाक्य तयार होतं, पण पायरीवर पाय ठेवला की ते मागेच राही.

रविवारी दुकान भरलेलं. बाकावर तिघं, दोन्ही खुर्च्यांत दोघं. टाकीवाला तीन निळी पिंपं आणि जाड नळी घेऊन आला. पिंपं ओळीने मांडली, नळीचं एक टोक टाकीत सोडलं, आणि दुसरं टोक पाणी ओढून घ्यायला तोंडाजवळ नेलं.

"थांबा," अबोलराव म्हणाले.

सगळ्यांनी आधी मेव्हण्याकडे पाहिलं. तो मानेने नाही म्हणाला.

अबोलराव आपल्या गिऱ्हाइकाची एक बाजू करून झाले होते, दुसऱ्या बाजूला फेस तसाच होता. त्यांनी वस्तरा फळीवर ठेवला. ते टाकीवाल्याकडे न बघता आरशाकडे बघून बोलू लागले, कारण माणसांशी आरशातून बोलायचीच त्यांना सवय होती.

"चूक पाण्याची नाही. माशांची नाही. माझ्या हाताची आहे. जाळी चालत होती. चौथ्या आठवड्यात पाणी गुलाबी झालं होतं, मी लिहून ठेवलंय. मी तिची गुळगुळीत दाढी करत गेलो म्हणून ती मेली. मला अर्धं ठेवायला कोणी शिकवलं नाही. मला अजून दोन महिने द्या. कॅन मी उचलणार नाही, हिलाही उचलू देणार नाही. खाणं आजपासून निम्मं. बाकावरून जो तो चिमूट टाकतो ते बंद." बाकावरच्या तिघांनी हात मांडीखाली घेतले. "ही टाकी गेली तर... मला गप्पा मारता येत नाहीत. सगळ्यांना माहीत आहे. ह्यांना ती बोलायला लावते आणि मी ऐकतो. मला ते ऐकायला आवडतं. एवढंच. नाही, अजून एक. भाडेकरूने परवाच नवं घर घेतलंय. लगेच हलवू नये."

टाकीवाल्याने नळी तोंडापासून खाली घेतली.

"मालक, तिकडे जागा तयार झालीय," टाकीवाला हळूच म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"शब्द मी दिला होता," जिन्यावरून आवाज आला. बायको कधीची तिथे उभी होती. तिच्या हातात दुसरी जाळी होती, आणि दुसऱ्या हातात ओढून काढलेल्या लाल-निळ्या लोकरीचा गुंता. पिशवीची अर्धी नक्षी उसवून झाली होती. "त्यांना दुसरी टाकी द्या. मी फोन करते त्यांना, माफी मागते. आणि तुम्ही," ती नवऱ्याकडे वळली, "हे मला एकटीला वर येऊन सांगता आलं नसतं? मी काल तीनदा पायांचा आवाज ऐकला."

"येतच होतो," अबोलराव म्हणाले.

"दोन महिने. पण जिन्यावर कॅन दिसला तर मी मासे तळीन."

"मालक," खुर्चीतलं गिऱ्हाईक म्हणालं, "माझी ही बाजू वाळली."

नळवाल्याने नवी जाळी पहिलीपेक्षा जास्त ओरखडली, आणि या वेळी ऐकवूनही गेला: एका आठवड्याला अर्धी जाळी, दुसऱ्याला उरलेली अर्धी, आणि वस्तरा गालांपुरताच राहू द्या. अबोलरावांनी वस्तऱ्याच्या जागी जुना, दात बोथट झालेला कंगवा घेतला. पहिल्यांदा कापताना त्यांचा हात थबकत होता. काम अर्धवट टाकल्यासारखं वाटे. वरचं लांब तेवढं ओढून काढायचं, खाली हिरवी लव ठेवायची, गोड्या पाण्याखाली एकदा धुवायची आणि जाळी परत टांगायची. मेव्हणा त्याला मध्यम कट म्हणे. कापलेलं शेवाळ पिवळा मासा चवीने खाई, उरलेलं केराच्या डब्यात जाई.

सहाव्या आठवड्यात काच पुसल्यावर चार दिवस स्वच्छ राहू लागली. आठव्यात दगडांवरचं केसाळ शेवाळ पांढरं पडून गळालं, प्रवाळांनी छत्र्या उघडल्या. परीक्षेच्या नळीतलं पाणी इतकं फिकं गुलाबी की बायको ते उजेडात धरून म्हणाली, "हे पाणीच आहे नुसतं. थेंब टाकलेत का?" त्यांनी पुन्हा टाकले. तसंच. आता महिन्यातून दोन लहान तांबे नवं पाणी पुरे, आणि ते ती एका हाताने आणते.

त्यानंतर एका सकाळी टाकीवाला आला. पिंपं नव्हती. तो सरळ आतल्या खुर्चीत बसला.

"ज्यांना तुमची टाकी द्यायची होती ना, त्यांना दुसरी दिली," तो म्हणाला. "दोन महिन्यांत तीही हिरवी. ते विचारतायत, तुमच्याकडे जाळी कशी बसवलीय?"

अबोलरावांनी कापड त्याच्या गळ्याभोवती बांधलं आणि सांगायला सुरुवात केली. चीर किती लांब, तिची रुंदी किती, दिवा किती वेळ लावायचा, तपकिरी थर आला तर घाबरायचं का नाही. टाकीवाल्याने दोनदा मध्ये तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. मेव्हण्याची कात्री हवेत थांबली, ती थांबलीच. ओरखडे कोणत्या पात्याने करायचे यावर अबोलराव बराच वेळ बोलले. बाकावरचा एक जण उठून जवळ येऊन उभा राहिला.

"झालं," शेवटी ते म्हणाले आणि कापड झटकलं.

टाकीवाल्याने आरशात पाहिलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. "मालक, एक कल्ला वर गेलाय."

अबोलरावांनी वाकून पाहिलं. खरंच गेला होता, चांगला अर्ध्या बोटाने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी निमूटपणे कापड पुन्हा बांधलं, दुसरा कल्ला पहिल्याच्या उंचीला आणायला घेतला, आणि वस्तरा टेकवता टेकवता म्हणाले, "तर पंप कोणता घ्यायचा, ते सांगायचं राहिलं."